वजन ८२ वर अडलंय आणि पहाटेचा गजर आता ऐकूच येत नाही

पाचपाखाडीकर (धागाकर्ता), रविवार, रात्री १०:५०

मंडळी, इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

वय ४६, उंची ५ फूट ७ इंच. जानेवारीत ऑफिसच्या तपासणीत वजन ९१, कंबर ४१ इंच आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता गोळी लिहीत नाही. तीन महिने देतो, बघा काय जमतंय." घाबरलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवसापासून कचराळी तलावाला फेऱ्या सुरू केल्या. पावणेसहाला घर सोडायचं, पाऊण तास चालायचं, येताना दूध घेऊन यायचं. चहातली साखर बंद, संध्याकाळी स्टेशनबाहेरचा वडा बंद, रात्रीचा भात निम्मा. एप्रिलमध्ये एचबीए१सी ५.८ आलं आणि मेच्या मध्यावर वजन ८२.

तिथून पुढे ढिम्म. सात आठवडे झाले. ८२.४, ८१.९, ८२.६, ८२.१. मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये लोकल उभी राहते ना, का थांबली ते कुणी सांगत नाही, तसं झालंय.

पण काट्याचं एक वेळ सोडा. मार्चमध्ये लिफ्टमध्ये कुणीही भेटलं की "काय हो, बारीक झालात!" दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर "शुगर निघाली का रे?" म्हणून विचारलं. तेही बरं वाटायचं. आता कुणी काही बोलत नाही, सगळ्यांना मी असाच आहे. त्यात पाऊस लागला. गेल्या पंधरा दिवसांत पाच वेळा गेलो असेन. गजर होतो, मी बंद करतो, आणि बंद केल्याचं मला आठवतही नाही. बायको म्हणते, "गजर तुझा आणि जाग मला."

तर विचारायचं ते हे: सुरुवातीची भीती गेली, कौतुक संपलं, काटा हलत नाही, अशा वेळी तुम्ही लोक अंथरुणातून उठता कसे?

---

रिकामटेकडा, रविवार, रात्री ११:०५

जागा पकडून ठेवतो. (चकली खात लिहितोय, राग मानू नका.)

---

गवती_चहा, सोमवार, सकाळी ७:२०

पाचपाखाडीकर, सर्वात आधी अभिनंदन. ६.१ वरून ५.८ ही लहान गोष्ट नाही. ती लिफ्टमध्ये कुणाला दिसत नाही, एवढंच.

मी नेरूळची, वय ५२. दोन वर्षांत १४ किलो उतरवले आणि त्या दोन वर्षांत तीनदा अशी अडकले. एकदा तर अकरा आठवडे. पहिल्यांदा अडकले तेव्हा रडले होते, तिसऱ्यांदा अडकले तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही, कारण तोवर मी काट्याकडे बघायचं कमी केलं होतं.

माझी युक्ती सांगते, हसू नका. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. चालून आले की त्या तारखेवर एक टिकली लावते. जुन्या पाकिटांतल्या, गोंद गेलेल्या टिकल्या असतात ना घरात, त्या. ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत जाऊन पूर्ण फेरी झाली तर मोठी लाल टिकली. पाऊस आहे, पाहुणे आहेत, कंबर धरलीय आणि घरातच पंधरा मिनिटं हातपाय हलवले, तर बारीक काळी. काहीच नाही केलं तर चौकोन रिकामा. नियम एकच, दोन रिकामे चौकोन शेजारीशेजारी येऊ द्यायचे नाहीत. एक रिकामा चालतो. बाईमाणसाच्या घरात एक रिकामा राहणारच.

आधी सासूबाई म्हणायच्या, पंचांगाला कसल्या टिकल्या लावतेस. आता मी विसरले तर त्याच विचारतात, "आज टिकली नाही का लावायची?"

सांगायचा मुद्दा, मी उत्साह येण्याची वाट बघणं सोडलं. बारीक काळी टिकली लावायला उत्साह लागत नाही.

---

तिरका_प्रश्न, सोमवार, सकाळी ९:४५

कटू बोलतो. चालून वजन उतरतं हाच मुळात गैरसमज. ८२ किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर बसून जेवढ्या जळल्या असत्या त्यापेक्षा दोनशे-अडीचशे कॅलरी जास्त जळतात. एक वडापाव तीनशेच्या आसपास. म्हणजे तासभर घाम गाळा आणि वडापाववाल्या कुंजविहारसमोर पाच मिनिटं थांबा, हिशोब पूर्ण, वर थोडी उधारी. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. करा भागाकार.

तुमचे नऊ किलो उतरले ते साखर, वडा आणि भात कमी केल्याने. पहाटे झोप मोडण्याचा अट्टाहास कशाला? झोपा, आणि कमी खा.

---

सांधेजोड, सोमवार, दुपारी १:३०

तिरका_प्रश्न यांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष चूक. (मी वाशीत फिजिओथेरपी करते, दिवसातून दहादा हाच वाद घालते.)

पाचपाखाडीकर, तुमचं काही बिघडलेलं नाही. ९१ किलोचं ओझं दिवसभर वागवायला जेवढं इंधन लागत होतं तेवढं ८२ ला लागत नाही. नऊ किलो कमी झाले म्हणजे ढोबळमानाने दिवसाला दोनशे कॅलरी कमी लागतात. जानेवारीतल्या ज्या जेवणाने तुम्ही उतरत होतात, त्याच जेवणावर आता तुम्ही स्थिर आहात. शिवाय खाणं कमी झालं की शरीर गुपचूप काटकसर करतं. माणूस बसल्या जागी कमी हलतो, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालायचा तो खुर्ची ओढतो. हे आपल्याला कळतही नाही.

आणि चालण्याबद्दल. अमेरिकेत वजन उतरवण्याची एक टीव्ही स्पर्धा होती, तिच्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर विश्रांतीत जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. पण ज्यांनी वजन राखलं होतं, त्यांच्यात उठून दिसणारा फरक होता तो हालचालीचा. उतरवताना ताट जास्त कामाला येतं, उतरलेलं राखताना पाय.

आता तुमच्या दिनक्रमात मला दिसत नाही ती एक गोष्ट: ताकदीचा व्यायाम. चाळिशीनंतर स्नायू आपोआप झिजत जातात, आणि नुसतं खाणं कमी केलं तर वजनाबरोबर तेही जातात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याच पुढच्या ओळीत आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम लिहिलाय, ती ओळ कुणी वाचत नाही. जिमच हवी असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याची पाच लिटरची बाटली उचलणं. सुरुवात एवढ्यावर करा.

---

टेकडीवाला, सोमवार, संध्याकाळी ६:१०

कचराळीला गोल गोल फिरून घाण्याचा बैल होतो माणसाचा. रविवारी येऊरला या. उपवनच्या बाजूने चढायला लागा, फॉरेस्टच्या गेटपर्यंत पोचेपर्यंत दम लागतो, पण पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे स्वर्ग. वजनबिजन डोक्यात येत नाही.

---

रिकामटेकडा, सोमवार, संध्याकाळी ६:२५

टेकडीवाले, तुमची टोळी मला ठाऊक आहे. येऊर उतरून सरळ मामलेदार मिसळ गाठते. एकेकजण दोन पाव जास्तीचे, वर ताक. मागच्या खेपेला मी शेजारच्या टेबलावर होतो.

---

टेकडीवाला, सोमवार, संध्याकाळी ६:३१

ती मिसळ नसती तर आम्ही अकरा वर्षं येऊर चढलोच नसतो. आता बोला.

---

तिरका_प्रश्न, सोमवार, संध्याकाळी ६:५०

अकरा वर्षांत किती उतरलं?

---

टेकडीवाला, सोमवार, संध्याकाळी ६:५२

अर्धा किलो चढलं. पण अकरा वर्षांत गुडघा, बीपी, शुगर, एकही तक्रार नाही. वय ५८.

---

ऐरोली_नाईट, मंगळवार, पहाटे ४:४०

धागा वाचून थोडा चिडूनच लिहितोय. सगळे सल्ले पहाटेचे. माझी शिफ्ट रात्री नऊ ते सहा. तुम्ही कचराळीहून परतता तेव्हा मी बसमधून उतरून ऐरोलीत घरी चालत असतो, समोरून ट्रॅकसूटवाले येतात आणि मी अपराध्यासारखा बाजूला होतो. रात्री तीनला जी भूक लागते ती पोटाची नसते, कॅन्टीनमध्ये त्या वेळी सामोसा, मॅगी आणि मशीनचा गोड चहा एवढंच. वय ३३, वजन ९६. जिमचे वर्षाचे पैसे भरले होते, सतरा दिवस गेलो.

आमच्यासारख्यांसाठी आहे का कुणाकडे काही?

---

सांधेजोड, मंगळवार, सकाळी ११:००

ऐरोली_नाईट, तुमची "पहाट" संध्याकाळी पाचला होते असं समजा. उठलात की दात घासायच्या आधी बूट. सकाळी घरी येताना व्यायाम करू नका, तेव्हा झोप महत्त्वाची. खिडकीला जाड पडदा लावा. अपुरी झोप झाली की भूक वाढते आणि नेमकं गोड-तळलेलंच खावंसं वाटतं, यात तुमच्या मनोबलाचा काही दोष नाही. तीनच्या भुकेसाठी डबा घरून न्या. दोन उकडलेली अंडी किंवा उसळ, आणि बिनसाखरेचं ताक. आमटीतल्या वाटीभर पाण्याला प्रथिनं समजू नका, घट्ट डाळ खा.

---

लिंबूपाणी, मंगळवार, दुपारी ३:१५

सरळ ते वजन उतरवायचं मौंजारोचं इंजेक्शन का घेऊ नये? मार्च २०२५ पासून इथे मिळतंय. माझ्या जावेने घेतलं, भूकच लागत नाही म्हणते. तुम्ही सगळे टिकल्या लावत बसलाय.

---

स्टेथो, मंगळवार, रात्री ९:३०

औषध खरं आहे, परिणामही खरा आहे आणि काही रुग्णांना ते द्यायलाच हवं. पण ते डॉक्टरांनी तपासून द्यायचं असतं, जावेच्या शिफारशीवर नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. थांबवलं की बरंचसं वजन परत येतं हे चाचण्यांत स्पष्ट दिसलंय. आणि ते घेतानाही सांधेजोड म्हणतात तो ताकदीचा व्यायाम लागतोच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही उतरतात.

धागाकर्त्यांसाठी: तुमच्या उंचीला ८२ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २८ च्या थोडा वर. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, म्हणजे अजून दहा किलो उतरायला वाव आहे. पण मला विचाराल तर कंबर बघा. पुरुषांना मर्यादा ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, बायकांना ८०. पँटचा नंबर सांगू नका, तो दुकानदाराचा चांगुलपणा असतो. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता.

---

आठवा_मजला, बुधवार, सकाळी ८:०५ (बसमधून)

घोडबंदर रोडला राहते. मेट्रोचं काम, खड्डे, त्यात पाऊस. सकाळी साडेसातला निघते, रात्री नऊला पोचते. तलाव, टेकडी, ज्वेल हे सगळं मला इथे वाचायलाच मिळतं.

आमच्या मजल्यावर आम्ही दोघी आहोत. मी आणि समोरच्या काकू, त्या निवृत्त शिक्षिका. एकमेकींशी फारशी बोलतही नाही, त्यांचा स्वभाव जरा कडक आहे. पण रात्री झोपताना ज्या कुणाला सकाळी जिना चढायचाय तिने आपले बूट दाराबाहेर ठेवायचे, असं ठरलंय. बाहेर दोन जोड दिसले की सकाळी सहा वाजता दोघी हजर. जिना चढायचा, उतरताना लिफ्ट, तीनदा. (उतरताना लिफ्ट हे काकूंच्या गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय.)

मजा काय होते, की रात्री नऊला घरी जीव नको झालेला असताना मी कुलूप काढते आणि समोर काकूंचे पांढरे कॅनव्हासचे बूट दिसतात. नाड्या आत खोचून, भिंतीला लावून, शाळेत ठेवतात तसे. मग माझे आत नेऊन ठेवण्याची हिंमत होत नाही. गेल्या मार्चपासून चालू आहे. एकदाच मी बूट बाहेर ठेवून उठले नाही. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त माझे बूट नीट जुळवून ठेवले होते. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

---

गवती_चहा, बुधवार, सकाळी ८:४०

आठवा_मजला, काकूंना माझा नमस्कार सांग गं.

---

खारीक, बुधवार, दुपारी १२:२०

आषाढी झाली, आता श्रावण येतोय. सोमवार, शनिवार, मध्ये चतुर्थी. उपासाला साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा कूट, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या फोडी तुपात. एकादशी आणि दुप्पट खाशी. दर श्रावणात माझे दोन किलो पक्के वाढतात आणि घरात सगळ्यांना वाटतं मी उपाशी आहे. दोन वेळा पंचावन्न मिनिटांत जेवायचं दीक्षित पद्धतीचं ते करून बघावं की आहारतज्ज्ञ दिवेकर म्हणतात तसं थोड्या थोड्या वेळाने खावं?

---

रिकामटेकडा, बुधवार, दुपारी १२:३५

बाप रे. काढलीत ती काडी. आता हा धागा तीनशे प्रतिसादांवर जाणार.

---

संपादक, बुधवार, दुपारी १:१०

दीक्षित विरुद्ध दिवेकर यासाठी जुना धागा आहे, तो पाच वेळा कुलूपबंद झालाय. इथे नको. त्यावरचे प्रतिसाद उडवले आहेत.

---

परत_चढलेला, बुधवार, रात्री ११:४०

लिहू की नको असा विचार करत दोन दिवस काढले.

मी कोपरखैरण्याचा. धाकट्या भावाचं लग्न होतं म्हणून ११ महिन्यांत ९८ वरून ७६ वर आलो. २२ किलो. कपाटाच्या दाराला आतून आलेखाचा कागद चिकटवला होता, रोज ठिपका. वाशीच्या मिनी सी शोअरला मला "ते पळणारे" म्हणून लोक ओळखायचे. एक दिवस चुकवला नाही, तापातही गेलो. तुमच्या टिकल्यांसारखी सवलत मी स्वतःला कधी दिली नाही.

लग्न झालं. शेरवानी उत्तम बसली, फोटो छान आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि कळेना, आता कशासाठी जायचं? म्हटलं, आठवडाभर आराम करू. तो आठवडा तीन वर्षं चालला. मध्ये कधीतरी आलेख काढून टाकला, वजनकाटा माळ्यावर गेला. तीन वर्षांनी बायकोने दिवाळीच्या आवराआवरीत तो खाली काढला, तर आतले सेल फुटून हिरवट पावडर पसरली होती. काटा बंद. आनंद झाला मला, खोटं नाही सांगत. मग दवाखान्यात वजन केलं तेव्हा १०१.

सर्वात वाईट वाटतं ते वजनाचं नाही. ओळखीची माणसं दिसली की मी रस्ता बदलायचो. ज्यांनी इतकं कौतुक केलं होतं, त्यांच्यासमोर हे पोट घेऊन कसं जायचं? म्हणून सी शोअरला जाणं बंद, म्हणून चालणं बंद. कौतुकाची अशीही किंमत असते, पाचपाखाडीकर. ते संपलंय याचं तुम्ही फार दुःख करू नका.

आता ९३ आहे. या खेपेला तारीख नाही, लग्न नाही, कुणाला सांगितलं नाही. रात्री जेवण झाल्यावर सेक्टरातल्या सेक्टरात अर्धा तास, बायकोबरोबर, साध्या चपलेवर. किराणाही त्याच फेरीत होतो. चौदा महिन्यांत आठ किलो. आधीच्या तुलनेत गोगलगाय. पण या खेपेला मध्ये वीस दिवस गावी गेलो, काहीच केलं नाही, आणि परत आल्यावर दुसऱ्या रात्री आपोआप बाहेर पडलो. हे मागच्या वेळी कधीच झालं नसतं.

---

सांधेजोड, गुरुवार, सकाळी ७:५०

परत_चढलेला, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मी हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

आणि एक. "२१ दिवसांत सवय लागते" हे सगळीकडे ऐकू येतं, त्यात तथ्य नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि व्यायामासारख्या गोष्टीला पेलाभर पाणी पिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही, हेही त्यातच आहे. गवती_चहांचा रिकामा चौकोन अगदी शास्त्रशुद्ध आहे.

---

गवती_चहा, गुरुवार, सकाळी ८:१५

सासूबाईंना सांगते, टिकल्यांना लंडनहून मान्यता आली.

---

पाचपाखाडीकर (धागाकर्ता), शनिवार, रात्री ९:२०

सगळ्यांचं वाचलं. काही जणांचं दोनदा. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मी थोडी तपासणी करत होतो.

पहिला शोध काट्याचा. आमच्या न्हाणीघराबाहेर एक फरशी सैल आहे, मे महिन्यात नळाचं काम झालं तेव्हापासून. काटा तिच्यावर असतो. आज सहज दिवाणखान्यात नेऊन ठेवला, तिथे ८१.२. परत फरशीवर ८२.३. पुन्हा दिवाणखाना ८१.२. म्हणजे सात आठवड्यांतला निदान एक किलो फरशीने खाल्लेला असणार. लेक म्हणाला, "बाबा, गॅलरीत ठेवून बघा, अजून उतरेल."

दुसरा शोध कंबरेचा. टेप नव्हती, शेजारून आणली. बेंबीशी साडेसदतीस. जानेवारीत ४१ होती. मधलं माप घेतलेलं नाही, म्हणून या सात आठवड्यांत किती गेलं ते सांगता येत नाही. पण पट्टा आहे. जूनच्या सुरुवातीला स्टेशनजवळच्या चांभाराकडून मी एक जास्तीचं भोक पाडून घेतलं होतं आणि मागच्या आठवड्यात घरीच खिळा तापवून अजून एक पाडलं. तेव्हा डोक्यात आलंच नाही की वजन अडलेल्या माणसाला नवी भोकं का लागताहेत.

तिसरा शोध लाजिरवाणा आहे. चार दिवस जे तोंडात गेलं ते सगळं लिहून काढलं. वडा बंद आहे हे खरं. पण लेकाच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी-भाजी मी उभ्या उभ्या संपवतो. चार वाजता ऑफिसात चहाबरोबर दोन खारी, "बिनसाखरेचा चहा आहे ना" म्हणून. रात्री टीव्हीसमोर फरसाणाचा डबा, बशी न घेता, कारण बशीत घेतलं तर खाल्ल्यासारखं वाटतं. यातलं काहीही फेब्रुवारीत नव्हतं. केव्हा आलं तेही आठवत नाही.

तिरका_प्रश्न, तेवढ्यापुरते तुम्ही जिंकलात. पण झोपणार नाहीये.

परत_चढलेला, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्याही डोक्यात वर्षा मॅरेथॉनचं घोळत होतं, की नाव घालावं, तारीख असली की माणूस उठतो. आता घालेन तर मजेखातर घालेन.

सोमवारपासून बूट दाराबाहेर ठेवतोय. समोर काकू नाहीत, समोर एक बँकेतले गृहस्थ आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी उठणार नाही, पण तुमचे बूट बाहेर दिसले तर बेल मारीन, दूध घ्यायला उठतोच."

---

आठवा_मजला, शनिवार, रात्री ९:४५

बूट प्लॅस्टिकच्या पिशवीवर ठेवा. आमच्या मजल्यावर मांजर आहे, अनुभवाचे बोल.

---

ऐरोली_नाईट, पुढच्या गुरुवारी, पहाटे ३:१०

हजेरी लावतो. सहा दिवसांत चारदा संध्याकाळी पाचला बाहेर पडलो. दोनदा पाऊस, तर पुलाखाली येरझाऱ्या. आज डब्यात मटकीची उसळ आहे, बाजूचा दोस्त मॅगी खातोय, वास मारून टाकतोय. बाकी ठीक.

---

तिरका_प्रश्न, गुरुवार, सकाळी १०:००

उसळ संपली का मॅगी?

---

ऐरोली_नाईट, गुरुवार, सकाळी १०:०५

उसळ. आणि त्याच्या मॅगीतले दोन चमचे. अजून जागाच आहे, झोपतो.

---

पाचपाखाडीकर (धागाकर्ता), सहा आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, क्षमस्व. खबरबात द्यायची राहिली होती.

दिवाणखान्यातल्या काट्यावर ८०.१. म्हणजे सहा आठवड्यांत एक किलो आणि थोडं. आधी हे वाचून मी कपाळाला हात लावला असता. मधले पाच दिवस ताप होता, गेलो नाही. एक रविवार टेकडीवाल्यांबरोबर येऊर चढलो, मिसळ खाल्ली, एका पावावर थांबलो, दुसरा रिकामटेकडा यांनी घेतला. (ते खरोखरच शेजारच्या टेबलावर असतात.) आठवड्यातून दोनदा खुर्चीवरची उठबस चालू आहे. पहिल्या दिवशी आठ वेळा जमली, परवा बावीस.

फरसाणाचा डबा आता बायकोने कुठेतरी ठेवलाय. विचारलेलं नाही.

गंमत बँकवाल्यांची. तीन आठवडे रोज बेल मारत होते. चौथ्या आठवड्यात म्हणाले, उठलोच आहे तर खालपर्यंत येतो. आता कचराळीला एक फेरी मारतात, चपलेवर, हातात दुधाची पिशवी घेऊन, आणि अख्खी फेरी व्याजदरांवर बोलतात. मला त्यातलं काही कळत नाही. पण मागच्या मंगळवारी ते आले नाहीत, तर मीच त्यांची बेल मारली.

गणपती आले. घरी दीड दिवसाचे आहेत, एकवीस मोदक होतात, मी किती खाणार ते इथे लिहीत नाही. ज्यांना जमेल त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सहाला कचराळीच्या गेटपाशी या. महापालिकेच्या बाजूचं गेट. पाऊस असला तरी. माझी निळी छत्री आहे, एक काडी मोडलेली.

---

रिकामटेकडा, शुक्रवार, रात्री १०:२१

येतो. साडेसहाला चालेल का?